सोवळे चुलीचे आणि ओढ्याचे

चाकण-तळेगाव रस्त्यावरील महाळुंगे इंगळे हे खेड तालुक्यातील गाव. एका पिढीपूर्वी ज्वारी, कांदा आणि बटाटा पिकवणारे गाव एवढीच त्याची ओळख होती. आज औद्योगिक वसाहतीच्या नकाशावर त्याचे नाव ठळकपणे दिसते. दिवसातून तीनदा पाळी बदलते, कामगारांच्या बसगाड्यांनी रस्ता भरून जातो आणि ज्या शेतांत पूर्वी नांगर चालत होता तेथे चाळी आणि इमारती उभ्या राहिल्या आहेत. याच गावात देवपूजा झाल्यावाचून चूल न पेटवणाऱ्या आणि शिळे अन्न पानात न वाढणाऱ्या गृहिणीही आहेत. त्यांच्या स्वयंपाकघराच्या स्वच्छतेत उणे काढण्यासारखे काही नाही. प्रश्न आहे तो त्या स्वयंपाकघरात बाहेरून येणाऱ्या वस्तूंचा. मेथीची जुडी कोणत्या ओढ्याच्या पाण्यावर वाढली, रतिबाचे दूध देणाऱ्या म्हशीने कोणत्या बांधावरचे कडवळ खाल्ले, विहिरीत काय झिरपले, हे त्या गृहिणीला ठाऊक नसते आणि ठाऊक करून घेण्याचे साधनही तिच्या हाती नसते. स्त्रियांमधील स्तनाच्या कर्करोगाची चर्चा आज ज्या वळणावर येऊन ठेपली आहे, तेथे हा प्रश्न टाळता येण्यासारखा राहिलेला नाही.

भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग आज स्तनाचाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने जडला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. कर्करोग झालेल्या दर चार स्त्रियांपैकी एकीहून अधिक स्त्रियांना तो स्तनाचा असतो. निम्म्याहून अधिक रुग्ण स्त्रिया डॉक्टरांपुढे येतात तेव्हा रोग बराच पुढे गेलेला असतो. या आकड्यांच्या मागे आई, बहीण, सून, लेक अशी नाती आहेत, आणि ती बहुधा घराचा सारा भार वाहण्याच्या वयातील आहेत.

या रोगाची नोंद ठेवण्याच्या बाबतीत महाराष्ट्र देशात पुढे राहिला. देशातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी १९६३ साली मुंबईत सुरू झाली आणि पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे. या दोन नोंदण्यांनी एक गोष्ट स्पष्ट केली. मुंबई-पुण्याच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण बार्शी परिसरातील खेड्यांपेक्षा कितीतरी अधिक आहे. महाळुंगे हे या दोहोंच्या मधले गाव आहे. त्याची शेती खेड्याची आणि हवा शहराची. खेड्याचे संरक्षण त्याने गमावले आहे आणि शहराच्या सोयी त्याला पुरत्या मिळालेल्या नाहीत. महाराष्ट्रातील शेकडो गावे आज याच अवस्थेतून जात आहेत.

शहर आणि खेडे यांच्यातील या फरकाची बरीचशी कारणे वैद्यकशास्त्राला माहीत आहेत. उशिरा होणारे पहिले मूल, कमी अपत्ये, स्तनपानाचा घटलेला काळ, वाढते वजन, अंगमेहनतीचा अभाव, मद्यपान आणि घराण्यातून येणारा वारसा ही कारणे मोठी आहेत व ती नाकारण्यात अर्थ नाही. ३० देशांतील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानुसार स्तनपानाच्या दर बारा महिन्यांमागे मातेचा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी होतो. तथापि एवढ्याने सारा हिशोब पुरा होत नाही. अन्न, पाणी आणि हवा यांतून शरीरात जाणारी रसायने या हिशोबात कोठे बसतात, हा प्रश्न जगभरातील शास्त्रज्ञ गेली कित्येक दशके विचारीत आहेत.

या प्रश्नाचा इतिहास उद्बोधक आहे. कीटकनाशकांच्या बेबंद वापराविरुद्ध १९६२ साली अमेरिकेत पहिला मोठा आवाज उठवला तो रॅचेल कार्सन या विदुषीने. आणि १९६४ साली तिचा मृत्यू झाला तेव्हा ती स्वतः स्तनाच्या कर्करोगाशी झुंजत होती. पुढे १९९३ मध्ये न्यूयॉर्कमधील एका अभ्यासात असे दिसले की, ज्या स्त्रियांच्या रक्तात डीडीटीचा अवशेष अधिक होता त्यांच्यात हा रोगही अधिक होता. खळबळ उडाली. परंतु १९९७ मधील परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात आणि २००२ मधील लाँग आयलंडच्या अभ्यासात तसा संबंध आढळला नाही. प्रश्न निकालात निघाला, असे अनेकांना वाटले.

तो निकालात निघालेला नव्हता, कारण विचारण्याची पद्धत अपुरी होती. कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे १९५९ ते १९६७ या काळात गर्भवती स्त्रियांच्या रक्ताचे नमुने जतन करून ठेवलेले होते. बार्बरा कोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नमुन्यांचा आधार घेतला. २००७ साली त्यांनी दाखवून दिले की, डीडीटीचा सार्वत्रिक वापर सुरू झाला तेव्हा, म्हणजे १९४५ साली, ज्या मुली चौदा वर्षांच्या आतील होत्या, त्यांच्यापैकी रक्तात डीडीटी अधिक असलेल्यांना पुढे हा रोग होण्याचा धोका पाचपट होता. त्याहून मोठ्या वयाच्या स्त्रियांत असा संबंध दिसला नाही. २०१५ साली त्याच मातांच्या मुलींचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. गर्भात असताना ज्यांचा डीडीटीशी अधिक संबंध आला, त्या मुलींचा धोका जवळजवळ चौपट होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने त्याच वर्षी डीडीटीचा समावेश ‘बहुधा कर्ककारक’ पदार्थांच्या वर्गात केला. अभ्यास एकाच समूहाचे आहेत आणि त्यांच्या मर्यादाही आहेत. पण त्यांतून निघणारा बोध मोलाचा आहे. पन्नाशीत आढळणाऱ्या रोगाचे बीज दहाव्या वर्षीच्या ताटात, किंवा त्याहीपूर्वी मातेच्या उदरात, पडलेले असू शकते. स्तनाच्या पेशी घडत असतात त्या काळातच त्या सर्वाधिक नाजूक असतात.

हे सारे परदेशाचे झाले, असे म्हणून स्वस्थ बसण्याची सोय नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने बारा राज्यांतून गोळा केलेल्या दुधाच्या २,२०५ नमुन्यांचा अहवाल १९९३ साली प्रसिद्ध केला. सुमारे ८२ टक्के नमुन्यांत डीडीटीचे अवशेष होते. मर्यादेपेक्षा अधिक अवशेष असलेल्या नमुन्यांचे प्रमाण सर्वांत जास्त कोणत्या राज्यात होते? महाराष्ट्रात, ७४ टक्के. ज्या मुलींनी त्या काळात पेलाभर दूध आईच्या आग्रहाने संपवले, त्या आज चाळिशीच्या आसपास आहेत. १९८९ साली शेतीतील डीडीटीवर बंदी आली. रोगनियंत्रणासाठी त्याची फवारणी मात्र त्यानंतरही चालू राहिली. रायगड जिल्ह्यातील रसायनी येथे सरकारी कारखान्यातच हे रसायन तयार होत असे. बंदीनंतरही डीडीटी मातीत वर्षानुवर्षे टिकते आणि चरबीत साठते. म्हणूनच ते दुधात, सायीत, लोण्यात आणि तुपात सापडते. ‘आमचे घर शाकाहारी, आम्हाला कसली भीती?’ हा अनेक सुशिक्षित घरांतील विश्वास येथे तोकडा पडतो. शाकाहाराचे गुण निर्विवाद आहेत. परंतु गाय जे खाते तेच तुपात उतरते, हा निसर्गाचा नियम कोणाचाही आचार पाहून बदलत नाही.

डीडीटी हे एक उदाहरण झाले. औद्योगिक पट्ट्यातील गावांनी आणखी तीन गोष्टींकडे लक्ष दिले पाहिजे. पहिली कॅडमियम. धातूंना मुलामा देणे, बॅटऱ्या, रंग आणि काही प्रमाणात फॉस्फेट खते यांतून हा जड धातू मातीत येतो आणि तेथून भात व पालेभाज्यांत चढतो. जपानमधील जिंत्सू नदीच्या खोऱ्यात दूषित पाण्यावर पिकलेल्या भाताने स्त्रियांची हाडे ठिसूळ झाली आणि १९६८ साली तेथील सरकारने त्या रोगाचे कारण कॅडमियमच असल्याचे मान्य केले. हा धातू शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखे वागतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. स्वीडनमध्ये सुमारे ५६ हजार स्त्रियांच्या आहाराचा बारा वर्षे पाठपुरावा झाला. ज्यांच्या आहारातून कॅडमियम सर्वाधिक जात होते त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगाचा धोका २१ टक्क्यांनी अधिक आढळला. इतर काही अभ्यासांत हा संबंध दिसला नाही, हेही नमूद केले पाहिजे. मात्र एका बाबतीत शंका नाही. शरीरात लोह कमी असेल तर आतडे कॅडमियम अधिक शोषून घेते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ या वयोगटातील ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. म्हणजे जी आधीच अशक्त, तिच्याच देहात हे विष अधिक मुरते.

दुसरी गोष्ट फेसाळणाऱ्या पाण्याची. १९९१ साली बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातील आना सोटो आणि कार्लोस सॉनेनशाइन यांनी जाहीर केले की, त्यांच्या प्रयोगशाळेतील स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी इस्ट्रोजेन न घालताच वाढू लागल्या होत्या. शोध घेता कारण निघाले प्लॅस्टिकच्या नळ्यांतून पाझरणारे नोनिलफिनॉल. याच कुळातील रसायने औद्योगिक धुलाईच्या द्रव्यांत वापरली जातात. युरोपीय संघाने त्यांच्या वापरावर २००३ साली कडक निर्बंध घातले. २०२३ पासून आळंदीत इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगल्याची दृश्ये महाराष्ट्राने वारंवार पाहिली आहेत. फेस येतो तो धुलाईच्या द्रव्यांमुळे. ही द्रव्ये कोणत्या कुळातील आहेत, घरगुती किती आणि कारखान्यांतील किती, हे नाव आणि प्रमाण यांसह जनतेसमोर आले पाहिजे.

तिसरी गोष्ट धुराची. प्लॅस्टिक, रबर आणि वायरी उघड्यावर जाळल्या की डायॉक्सिन तयार होते. ते चाऱ्यावर बसते आणि दूध व अंडी यांवाटे माणसात येते; डायॉक्सिनचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग माणसाच्या शरीरात अन्नातूनच जातो. इटलीतील सेव्हेसो येथे १९७६ साली झालेल्या अपघातानंतर तेथील स्त्रियांचा पाठपुरावा झाला. २००२ च्या अहवालात रक्तातील डायॉक्सिन आणि स्तनाचा कर्करोग यांचा संबंध दिसला. पुढील पाहणीत तो क्षीण झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखली-कुदळवाडीतील हजारो अनधिकृत गोदामे आणि शेड पाडली. तेथील भंगार गेले कोठे आणि त्यातील निरुपयोगी भाग रात्री कोठे पेटतो, हा प्रश्न आसपासच्या प्रत्येक गावाने विचारायला हवा.

अशा वेळी समाजाकडून तीन चुका संभवतात. पहिली चूक घाबरण्याची. मातेच्या दुधातही अवशेष सापडतात हे ऐकून कोणी बाळाला अंगावर पाजणे थांबवील, तर ती हानी त्या अवशेषांपेक्षा मोठी ठरेल. स्तनपान बाळाला तारते आणि मातेच्या देहालाही राखते. तसेच भाजी खाणे सोडणे हा उपाय नव्हे. दुसरी चूक चमत्कारावर विसंबण्याची. अमुक काढा, तमुक अर्क घेतल्याने गाठ विरघळते, असे सांगणारे लोक आपल्या परंपरेचेच नाव घेऊन घरोघर पोहोचतात. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांवर याबाबतीत अधिक जबाबदारी येते. आयुर्वेदाच्या नावाने उपचाराचे मोलाचे महिने वाया घालवणे हा आयुर्वेदाचाही अवमान आहे. तिसरी चूक दोष दुसऱ्यावर ढकलण्याची. शेतकरी कारखान्याकडे बोट दाखवतो, कारखानदार महापालिकेकडे, महापालिका ग्रामपंचायतीकडे आणि सारे मिळून बाहेरून आलेल्या कामगाराकडे. बिहार, उत्तर प्रदेश किंवा ओडिशातून आलेल्या कामगाराची पत्नी महाळुंग्याच्या चाळीत तीच भाजी चिरते आणि तेच पाणी पिते. तिची आणि गावातील पाटलाच्या सुनेची शिरा-धमन्यांची रचना वेगळी नाही. एक राष्ट्र म्हणून विचार करायचा तर तो या ताटापासून करावा लागेल.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ साली मुंबईतील व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. व्यक्ती, समाज आणि सृष्टी यांना तोडून विचार करता येत नाही, हे त्याचे सार. निसर्गाचे दोहन करावे, शोषण करू नये, हे वाक्य त्या विचाराच्या कार्यकर्त्यांनी हजारो बौद्धिकांत ऐकले आहे. संघाच्या शताब्दीनिमित्त पुढे आलेल्या पंच परिवर्तनाच्या विषयांत पर्यावरणालाही स्थान मिळाले. मग कसोटीचा प्रश्न असा की, देहू आणि आळंदी यांच्या मधल्या ज्या इंद्रायणीने तुकोबांची गाथा तारल्याचे वारकरी श्रद्धेने सांगतात, तिच्या तीरावर आरती करणाऱ्या हातांनी तिच्या पाण्याच्या तपासणीचा अहवाल किती वेळा मागितला? सत्ता कोणाची आहे हे पाहून हा प्रश्न विचारायचा किंवा गिळायचा नसतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ आणि २०२२ अशा दोन्ही अहवालांत नद्यांच्या प्रदूषित पट्ट्यांच्या संख्येत महाराष्ट्र देशात पहिला होता. आधी ५३, नंतर ५५. या काळात मुंबईत वेगवेगळ्या रंगांची सरकारे येऊन गेली. नदीचा रंग मात्र बदलला नाही.

मोजणीतून काय घडू शकते याचे उदाहरण देशापुढे आहे. २००३ साली दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या शीतपेयांतील कीटकनाशकांचे अवशेष मोजून जाहीर केले. कंपन्यांनी आकांडतांडव केले. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली आणि २००४ मध्ये तिने ते निष्कर्ष बरोबर असल्याचे सांगितले. शीतपेय ही चैनीची वस्तू आहे, ती सोडता येते. भाजी, दूध आणि पाणी सोडता येत नाही. म्हणून त्यांची मोजणी अधिक निकडीची आहे. महाळुंगे-चाकण परिसरातील ओढे, विहिरी, पालेभाज्या, चारा आणि दूध यांचे नमुने ठरावीक काळाने तपासले जावेत, त्यात जड धातू, कीटकनाशके आणि धुलाईच्या द्रव्यांचे अवशेष मोजले जावेत आणि निष्कर्ष मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत, ही मागणी अवाजवी नाही. घातक कचऱ्यासाठी रांजणगावला केंद्र आहे; कारखान्याच्या दारातून निघालेला प्रत्येक पिंप तेथे पोहोचतो की वाटेत एखाद्या खाणीत रिकामा होतो, याचा ताळा जुळला पाहिजे. जे उद्योग प्रामाणिकपणे खर्च करून सांडपाणी शुद्ध करतात, त्यांच्यावरही चोरवाटेने ते सोडणाऱ्यांमुळे अन्याय होतो.

घराघरांत करण्यासारखेही थोडे आहे. भाजी वाहत्या पाण्यात धुणे, फळभाज्या सोलणे, वर्तमानपत्राच्या कागदात वडे-भजी न बांधणे, गरम चहा प्लॅस्टिकच्या पिशवीतून न नेणे, कचरा न जाळणे, मुलींच्या आहारात लोह पुरेसे ठेवणे. यांनी धोका काहीसा कमी होतो. पानाच्या आत शिरलेला धातू मात्र धुऊन जात नाही. म्हणूनच सारा भार गृहिणीच्या पदरात टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही.

रोग लवकर ओळखणे हे मात्र आजच हाती आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील वस्त्यांमध्ये दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. निम्म्या गटात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी स्तनांची तपासणी केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रोग आधीच्या टप्प्यावर सापडू लागला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. महागडे यंत्र लागले नाही. लागली ती शिकलेली बोटे आणि नेमाने केलेली पायपीट. तिशीपुढील स्त्रियांची अशी तपासणी आता सरकारी आरोग्य केंद्रांच्या कार्यक्रमात आहे आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचारही आहेत. संकोच आणि ‘आधी घरचे सारे, मग मी’ ही सवय, या दोन अडथळ्यांपाशी स्त्री थांबते. हळदीकुंकवाला जमणाऱ्या स्त्रियांना एकत्र घेऊन तपासणीला जाणे, हे काम महिला मंडळे आणि सेवाकार्यातील भगिनी उत्तम करू शकतात. घरातील पुरुषांनी त्यासाठी एक दिवसाची रजा टाकावी, एवढी अपेक्षा फार मोठी नाही.

सोवळ्याच्या नावाखाली माणसांना दूर लोटण्याचे पाप या समाजाच्या हातून घडले. ते धुऊन काढण्याचे काम अजून संपलेले नाही. परंतु अन्न पवित्र असावे, ही त्यामागील मूळ भावना टाकून देण्यासारखी नाही. तिची मर्यादा आता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी थांबता कामा नये. ती बांधापर्यंत, ओढ्यापर्यंत आणि कारखान्याच्या मागील दारापर्यंत गेली पाहिजे. महाळुंग्याच्या शाळेत आज दहा वर्षांच्या असलेल्या मुली २०६५ च्या सुमारास पन्नाशीत पोहोचतील. त्यांच्या त्या वेळच्या आरोग्याचा काही भाग आजच्या ओढ्यात ठरतो आहे. तो ओढा कोणाच्या डोळ्यांदेखत वाहत होता, हे विचारण्याचा अधिकार त्यांना असेल.